मधल्या अमेरिकेत बघण्यासारखे काय आहे?

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा मुलांकडे म्हणून इथे येणाऱ्या आपल्या मंडळींचा प्रवास बहुतेक वेळा ठरलेला असतो. पूर्वेला न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि नायगारा, पश्चिमेला लास वेगास, ग्रँड कॅन्यन आणि सॅन फ्रान्सिस्को, आणि मधला सगळा देश विमानाच्या खिडकीतून, तोही जाग असली तर. शिकागोहून लॉस एंजेलिसपर्यंत रूट ६६ या जुन्या महामार्गाने मी एकटी गाडी चालवत जाणार हे कळल्यावर ‘मध्ये आहे काय, मक्याची शेते?’ हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की एकदा सविस्तर उत्तर लिहूनच टाकावे असे वाटले. माझे मत असे, की या प्रवासात शहरे दुय्यम आहेत. रस्त्याकडेची जी विक्षिप्त ठिकाणे आपण ‘टाइमपास’ म्हणून सोडून देतो, त्यांच्यासाठीच हा रस्ता धरावा. आणि ती नीट पाहायची असतील तर एकट्याने जावे.

आधी रस्त्याविषयी थोडे. रूट ६६ ची आखणी १९२६ साली झाली. लांबी सुमारे २,४४८ मैल, वाटेत आठ राज्ये, त्यांपैकी कॅन्सस तर अवघे तेरा-चौदा मैल. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभे राहू लागले, नवे रस्ते गावांना वळसा घालून गेले आणि १९८५ मध्ये हा मार्ग सरकारी यादीतून काढून टाकण्यात आला. आज तो सलग राहिलेला नाही. कुठे तो महामार्गाला चिकटून जाणारा सर्व्हिस रोड आहे, कुठे गावाचा मुख्य रस्ता आहे आणि कुठे कुंपणाशी येऊन चक्क संपतो. रस्त्याकडेच्या चमत्कारिक वस्तूंचे मूळ याच इतिहासात सापडते. भरधाव जाणाऱ्या गाडीवाल्याने आपल्याच पंपावर, आपल्याच खानावळीत थांबावे म्हणून प्रत्येकाने काहीतरी शक्कल लढवली, आणि त्यातूनच इलिनॉयमधल्या विल्मिंग्टन गावचा, हातात रॉकेट धरलेला हिरवा फायबरग्लासचा राक्षस जन्माला आला.

मोठ्या शहरांसाठी मी एक नियम केला होता, तो म्हणजे एका शहरात एकच गोष्ट, पण पुरेसा वेळ देऊन. शिकागोत ती निवड सोपी होती. रूट ६६ सुरू होत असल्याची पाटी ॲडम्स स्ट्रीटवर आहे आणि तिच्या जवळच आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत आहे, जिथे ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत भाषण केले. समोरच्या मिशिगन अव्हेन्यूच्या तुकड्याला आता त्यांचे नाव दिलेले आहे. मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी २०१० मध्ये इथल्याच भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर ते संपूर्ण भाषण दिव्यांच्या अक्षरांत मांडले होते, आणि त्यासाठी अमेरिकी सरकारच्या दहशतवादविषयक इशाऱ्यांचे पाच रंग वापरले होते. एका ११ सप्टेंबरला दुसऱ्या ११ सप्टेंबरसमोर उभे करण्याची ही कल्पना मला आजही थक्क करते.

सेंट लुईसमध्ये मात्र लोक कमानीपुरतेच थांबतात, हे मला पटत नाही. इरो सारिनेन यांनी रचलेली, १९६५ मध्ये पूर्ण झालेली ही ६३० फुटांची पोलादी कमान सुंदर आहे यात वाद नाही. वर नेणाऱ्या पाच आसनांच्या डब्यात गुडघ्याला गुडघा लावून, अनोळखी कुटुंबाच्या गप्पा ऐकत बसण्यातही गंमत आहे. पण कमानीसमोरच जुने न्यायालय उभे आहे. ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी केलेला दावा १८४७ मध्ये इथेच पहिल्यांदा चालला, आणि त्याच्याच प्रकरणात १८५७ साली सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही असा निकाल दिला. वेळ थोडा असेल तर कमान खालून पाहावी आणि न्यायालयात शिरावे.

ओक्लाहोमात कटूसा नावाच्या गावाजवळ एका तळ्यात निळा देवमासा आहे. सिमेंटचा, जबडा उघडा, डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर कमालीचे समाधान. ह्यू डेव्हिस या प्राणिसंग्रहालयातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आपल्या पत्नीला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून बांधला, कारण तिला देवमाशांच्या छोट्या प्रतिकृती जमवण्याचा छंद होता. हौसेला मोल नसते म्हणतात ते असे. मी जबड्यातून आत गेले, शेपटीपाशी जाऊन पाण्याकडे पाहत बसले, आणि मला कोणीही ‘झाले का बघून?’ असे विचारले नाही. बरोबर चार माणसे असती तर या माशाला फोटोपुरती पाच मिनिटे मिळाली असती, किंवा बहुमताने तो रद्दच झाला असता.

त्याच दिवशी ओक्लाहोमा सिटी गाठले. १९ एप्रिल १९९५ रोजी सकाळी ९ वाजून २ मिनिटांनी तिथल्या सरकारी इमारतीत बॉम्बस्फोट झाला आणि १६८ माणसे मृत्युमुखी पडली. स्मारकाच्या एका द्वारावर ९:०१ आणि दुसऱ्यावर ९:०३ असे कोरलेले आहे, मध्ये पाण्याचा उथळ, स्थिर पट्टा आहे. हिरवळीवर १६८ रिकाम्या खुर्च्या नऊ रांगांत मांडलेल्या आहेत, कारण माणसे ज्या मजल्यावर होती त्या मजल्याची ती रांग. प्रत्येकीखालच्या काचेच्या चौथऱ्यावर एक नाव. त्यांतल्या एकोणीस खुर्च्या आकाराने लहान आहेत, त्या मुलांच्या. देवमासा आणि या खुर्च्या एकाच दिवसात पाहणे विसंगत वाटेल, पण हा रस्ता असाच आहे आणि तो सोईस्कर क्रम लावून देत नाही.

टेक्सासमध्ये अमरिलोच्या बाहेर कॅडिलॅक रँच आहे. १९४९ ते १९६३ पर्यंतच्या घडणीच्या दहा कॅडिलॅक गाड्या नाक खुपसून, शेपट्या वर करून रांगेत पुरलेल्या आहेत. ‘अँट फार्म’ या कलावंतांच्या गटाने १९७४ मध्ये त्या पुरल्या. गाड्यांच्या मागच्या पंखांचा आकार वर्षागणिक कसा बदलत गेला ते दिसावे हा मूळ हेतू होता. आता तो शोधावाच लागतो, कारण येणारा प्रत्येक जण त्यांवर स्प्रेने काहीतरी रंगवून जातो. जवळून पाहिले तर कडांवर रंगाचे इतके थर बसले आहेत, की काही ठिकाणी त्यांची बोटभर जाडीची गुळगुळीत टेंगळे तयार झाली आहेत. वारा अखंड, हवेत रंगाचा उग्र दर्प आणि पायाखाली रिकामे डबे. हे डबे टाकून जाणाऱ्यांचा मला राग आला. रंगवणाऱ्यांचा मात्र आला नाही. जी कलाकृती रोज पुसली जाते आणि तरीही तीच राहते, तिच्यासमोर संग्रहालयातल्या शांततेपेक्षा हा गोंगाटच शोभतो.

‘एकटीच? भीती नाही वाटत?’ हा प्रश्न मला मोटेलच्या काउंटरवरही वारंवार ऐकू आला, आणि पुष्कळदा तो गुजराती वळणाच्या हिंदीत असे. अमेरिकेतल्या मोटेलांचा फार मोठा हिस्सा भारतीय वंशाच्या, त्यातही गुजराती कुटुंबांच्या हातात आहे. कधीकाळी विमा कंपन्या त्यांना दारात उभे करत नसत आणि शेजारचे प्रतिस्पर्धी ‘अमेरिकन मालकीचे’ अशा पाट्या लावत. मोकळ्या रस्त्याचे जे गुणगान इथे चालते, ते ऐकताना हे ध्यानात ठेवावे. १९३६ पासून सुमारे तीस वर्षे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या पोस्टमनने सुरू केलेली ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका निघत होती, कारण कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे खोली मिळेल आणि कुठे जेवण, हे आधी माहीत असणे गरजेचे होते. रूट ६६ वरच्या कित्येक गावांत अंधार पडल्यानंतर त्यांनी दिसूच नये असा दंडक होता. मला आज ‘भीती नाही वाटत?’ एवढेच विचारले जाते, ही त्या मानाने सवलतच म्हणायची. बाकी माझी काळजी साधी होती: अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्यायचे, कारण न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनात मैलोन्‌मैल सिग्नल नसतो.

ॲरिझोनातल्या सेलिगमन गावाला २२ सप्टेंबर १९७८ रोजी नव्या महामार्गाने वळसा घातला आणि गावातली वर्दळ थांबली. तिथले न्हावी एंजल डेल्गाडिलो यांनी १९८७ मध्ये आसपासच्या लोकांना जमवून संघटना काढली आणि जुन्या रस्त्याला ऐतिहासिक दर्जा द्यायला राज्य सरकारला भाग पाडले. आज रूट ६६ चे जे कौतुक चालते, त्याची सुरुवात बरीचशी या न्हाव्याच्या दुकानातून झाली. गाव आता पर्यटकांसाठी जरा जास्तच नटलेले आहे, पण गावकऱ्यांच्या पोटाचा प्रश्न पाहता नाक मुरडण्याचा हक्क आपल्याला नाही.

शेवट लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकाच्या धक्क्यावर होतो असे मानतात. तिथल्या पाटीखाली फोटोसाठी रांग असते. खरे तर १९३६ नंतर हा रस्ता धक्क्याच्या अलीकडेच, लिंकन आणि ऑलिंपिक या रस्त्यांच्या चौकात संपत असे. तो चौक अगदीच सामान्य आहे, त्यामुळे धक्का निवडणाऱ्यांना मी दोष देत नाही.

पूर्ण रस्ता करणे जमणार नसेल तर निदान सेलिगमनपासून कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या टोपॉकपर्यंतचा भाग करावा. सलग उरलेला हा सर्वांत लांब तुकडा, सुमारे १५८ मैलांचा. त्यात ओटमन हे जुने खाणगाव लागते, जिथे खाणकामगारांच्या गाढवांचे वंशज भररस्त्यात उभे राहून गाड्या अडवतात. त्याआधीचा घाट अरुंद आणि नागमोडी आहे, म्हणून आत राहण्याची सोय असलेली लांबलचक कॅम्पर गाडी भाड्याने घेऊ नये, साधी छोटी गाडी घ्यावी. आणि गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडणार असाल तर त्याचे वेगळे शुल्क किती पडेल हे नोंदणी करतानाच विचारून घ्यावे. ते भाड्याच्या आकड्यात नेहमी दिसत नाही.