नाटकाच्या शेवटाला मतदान

आमचा कट्टा म्हणजे पानठेल्यासमोरच्या जुन्या गोदामाची पायरी. धान निसवायला लागलं की इथं दुसरा विषय नसतो. दिवाळीनंतर मंडई (म्हणजे गावची जत्रा), शंकरपट (बैलांची शर्यत), झाडीपट्टीची नाटकं जिथून निघतात त्या वडशाच्या कोणत्या कंपनीचं रात्रभराचं नाटक कुठं लागणार, एवढंच.

परवा गुड्डूनं काडी टाकली. तो पुण्यात गेम बनवतो, गणपतीला आलेला. आमच्यातला लेखक (सगळे त्याला लेखकच म्हणतात, अर्धं चिडवून) नवं नाटक सांगत होता. शेवटी माय मरते, पोरगा पोचतो तेव्हा तिरडी बांधून झालेली.

"भाऊ, दुसऱ्या अंकानंतर पब्लिकले मोबाइलवर विचारा ना, माय जगवाची का मारायची. जास्त मतं, तो शेवट. अन् मायलेकाचे मेसेज आठ दिवस आधीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडा. पब्लिक मांडवात यायच्या आधीच गोष्टीत."

"अन् मी काय करू, मतं मोजू? तिले जगवासाठी नाटक नाही लिवलं बे मी."

मास्तरांनी शेरलॉक होम्स काढला. त्याचा लेखक डॉयल, त्यानं त्याला १८९३ मध्ये गोष्टीत मारलं, वाचक हटले नाहीत, प्रकाशकांनी पैसाही बक्कळ देऊ केला, १९०३ मध्ये गडी परत जिता. "म्हणजे मतदान तवाही होतं," मास्तर म्हणाले. लेखक म्हणाला, "पण जिता केला डॉयलनंच ना जी!"

गुड्डूनं मग नेटफ्लिक्सचा २०१८ चा 'बँडरस्नॅच' आणला. पाहणाऱ्यानं नायकासाठी निर्णय घ्यायचे. मी तो पाहिला आहे. पहिला निर्णय कोणता, तर सकाळी कोणत्या डब्यातला नाश्ता खायचा! पुढं एखादं उत्तर 'चुकलं' की गोष्ट कान धरून मागं आणते. गुड्डू म्हणाला, तेच तर त्या सिनेमाचं म्हणणं आहे. असेल. पण मग लेखकानं कासरा सोडला कुठं?

ठेल्याशी खर्रा (तंबाखू-सुपारीचा) घोटून व्हायची वाट पाहत उभे असलेले आजोबा मधेच बोलले. "माहा बाप सांगे, गाडगेबाबा कीर्तनात लोकायलेच विचारत. लोक उत्तर देत, बाबा त्यातूनच पुढचा प्रश्न काढत. पण कीर्तन कुठं नेऊन टेकवाचं, ते बाबालेच मालूम."

लेखक खूश. मला राहवलं नाही. मागच्या साली याच्याच नाटकात विनोदी नटाला टाळ्या पडल्या आणि पाच मिनिटांचा प्रवेश वीस मिनिटं चालला. तेव्हा पब्लिकनं नाटक लिहिलंच की.

"तो नटाचा चावटपणा. शेवट हालवला का कोनी?"

नाही हलवला, हे खरं. रात्री तीनला, थंडीनं बोटं आखडलेली, ब्लँकेटात गुरफटलेल्या बाया तिरडी दिसली की पदर तोंडाशी नेतात. त्या घडीला त्यांच्यापुढं बटण धरलं तर कोणतं दाबतील? 'जगव'च दाबतील. आणि सकाळी, पोटभर रडायला मिळालं नाही म्हणून, नाटक बेकार होतं म्हणत घरी जातील. गुड्डूच्या हिशेबात ही गोष्ट बसतच नव्हती. त्याला वाटतं, माणूस जे मागते ते त्याला पाहिजे असते.

मग त्यानं शेवटचा पत्ता टाकला. पोलंडचा आंद्रेय सापकोव्स्की. 'विचर'च्या कथा त्याच्या, एका कंपनीला त्यावर गेम काढायचा होता, पण गेममध्ये त्याला काडीचा रस नव्हता. कंपनीनं नफ्यात वाटा देऊ केला, हा म्हणाला, एकरकमी द्या. गेम चालेल असं वाटलंच नाही त्याला. पुढं गेमच्या कोट्यवधी प्रती खपल्या. २०१८ मध्ये त्यानं वकिलामार्फत ६ कोटी झ्लॉटी मागितले, २०१९ च्या डिसेंबरात दोघांचा नवा करार झाला.

लेखक गप्प. आम्हाला कारण ठाऊक होतं. त्यालाही संहितेचे एकदाच पैसे मिळतात, मग प्रयोग पाच होवोत का पन्नास.

खर्रा तोंडात टाकून त्यानं गाडीला किक मारली. पिंपळापर्यंत गेला, वळला, गाडी चालू ठेवूनच म्हणाला, "गुड्ड्या, ते व्हॉट्सअ‍ॅपवालं... मायचे मेसेज मी लिवले, तर त्याचे पैसे अलग मागता येते का बे?"