गिट काढू नका, अपडेट करा

"गिटमध्ये मेमरीचा व्हायरस सापडलाय, तुमचा कोड हॅकरकडे जातोय. गिट अनइन्स्टॉल करा, डॉट गिट फोल्डर डिलीट करा, खालच्या लिंकवरून रॅम क्लीनर टाका. ओपन सोर्स वापरू नका."

हा मेसेज कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर फिरतोय. गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्राम. माझ्या भाचीच्या प्रोजेक्ट ग्रुपनं तो खरा मानला. ही पोरं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी साठ्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर करताहेत. त्यांनी डॉट गिट उडवलं आणि आता झिप फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताहेत. ते ऐकून राहवेना.

डॉट गिट फोल्डर म्हणजे प्रोजेक्टचा सगळा इतिहास. कुणी कोणती ओळ कधी बदलली, काल चालणारा कोड आज कशानं बंद पडला, ते तिथंच कळतं. सर्व्हरवर किंवा दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, नसेल, तर गेलं ते गेलंच. आणि एवढं गमावून सुरक्षितता तसूभरही वाढत नाही, कारण दोष त्या फोल्डरात नव्हताच, गिटच्या प्रोग्रामात होता. हा सल्ला देणाऱ्यानं मुलांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत धोक्यात घातली आहे. म्हणूनच ज्यांनी अजून काही डिलीट केलेलं नाही, त्यांनी हात आवरा.

दोष खरा होता, हे मात्र मान्य करावं लागतं. किरकोळही नव्हता. १७ जानेवारी २०२३ ला गिट प्रकल्पानंच असे दोन दोष जाहीर केले, त्यांचे नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२२-२३५२१ आणि सीव्हीई-२०२२-४१९०३. पहिला गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल (कोणती फाइल कशी हाताळायची हे गिटला सांगणारी) वाचण्यातला. कुणी मुद्दाम त्यात प्रचंड नोंदी कोंबल्या की मोजणीचा आकडा मर्यादेबाहेर जाऊन चुकायचा, आणि गिट आपल्या वाट्याच्या मेमरीबाहेर वाचू-लिहू लागायचं. त्यातून हल्लेखोराला स्वतःचा कोड चालवता येण्याची शक्यता होती. दुसरा दोष कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलाची, माहिती हव्या त्या रचनेत छापण्याच्या भागातला, जात तीच. यात व्हायरस कुठेच नाही. दुरुस्ती त्याच दिवशी गिटच्या २.३९.१ या आवृत्तीत आली, जुन्या आवृत्त्यांच्या मालिकांनाही मिळाली. तुमची आवृत्ती तपासा, जुनी असेल तर अपडेट करा.

रॅम क्लीनरबद्दल काय बोलायचं? चूक मोजणीची होती, जागा कमी पडल्याची नव्हे. रॅम ८ जीबी असो की ३२, फरक शून्य. उलट अनोळखी लिंकवरून काहीही टाकणं हाच धोका.

राहिलं ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता येतो असं सॉफ्टवेअर. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड हा दोष दोन वर्षांहून जास्त काळ कुणाच्या लक्षात आला नव्हता, तेव्हा कोड उघडा आहे म्हणून निर्धास्त राहावं असं मीही म्हणणार नाही. पण गिटचे हे दोष सापडले ते कोड उघडा होता म्हणूनच. ओएसटीआयएफ या संस्थेनं पैसा उभा केला, एक्स४१ डी-सेक या जर्मन कंपनीनं गिटलॅबच्या साथीनं कोड तपासला. आणि बंद कोडचं म्हणाल, तर मायक्रोसॉफ्टनंच २०१९ मध्ये सांगितलंय की दरवर्षी त्यांना दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षा दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीचेच असतात.