उपकंत्राटदारांसाठी एकच लॉगिन : एका सल्ल्याचा प्रतिवाद

बांधकाम व्यवसायात सध्या एक सल्ला फिरतो आहे : प्रकल्प व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाला काय दिसावे याची वर्गवारी करत बसू नका, सर्व उपकंत्राटदारांना एकच लॉगिन द्या, गोपनीयतेच्या करारावर सह्या घ्या आणि कामाला लागा.

या सल्ल्यामागे पहिले गृहीतक असे की, लहान उपकंत्राटदारापासून कसला धोका? अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानसाखळीवर २०१३ मध्ये झालेला सायबर हल्ला शीतयंत्रणेचे काम करणाऱ्या एका लहान कंत्राटदाराच्या चोरलेल्या लॉगिनमधून सुरू झाला. त्या कंत्राटदाराला बिले, करार आणि प्रकल्प व्यवस्थापन एवढ्यासाठीच प्रवेश दिलेला होता; तरीही सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील चोरीला गेला. आतील नेटवर्क नीट विभागलेले नव्हते, हा दोष अर्थातच टार्गेटचा. पण मुद्दा तोच आहे. कंत्राटदाराच्या प्रामाणिकपणाबद्दल तेथे शंका नव्हती, त्याचा पासवर्ड चोराच्या हाती लागला होता.

सामाईक लॉगिनने वेळ वाचतो, हा दुसरा दावा. पण ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन (आवृत्ती) कोणी मंजूर केली असा वाद उभा राहिला की नोंदीत एकच नाव दिसते, आणि ते कोणाचेच नसते. एखादा उपकंत्राटदार काम अर्धवट सोडून गेला तर सर्वांचाच पासवर्ड बदलावा लागतो, आणि नवा पासवर्ड बहुधा त्याच व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला जातो, ज्यातून त्याला काढायचे राहून गेलेले असते.

कराराने सर्व भागते, हेही खरे नाही. प्लंबिंगवाल्याने प्रतिस्पर्ध्याचे दर एकदा पाहिले की करार ते त्याच्या डोक्यातून पुसू शकत नाही. मजुरांच्या आधार प्रती आणि बँक खात्यांचे क्रमांक याच सॉफ्टवेअरमध्ये असतील, तर प्रश्न अधिक गंभीर होतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानुसार, करारात काहीही लिहिलेले असले तरी, ही माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणाऱ्याचे उत्तरदायित्व टळत नाही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

परवानग्या ठरवणे किचकट असते, ही तक्रार मात्र अर्धी मान्य करावी लागेल. परवानग्या व्यक्तीनुसार न देता प्लंबिंग, विद्युत, फॅब्रिकेशन अशा कामांनुसार गट करून द्याव्यात, प्रत्येकाचे लॉगिन स्वतंत्र असावे आणि त्याची मुदत वर्क ऑर्डरबरोबर संपावी. अतिकडकपणाही नको : विद्युत तारा जातात त्याच शाफ्टमधून (इमारतीतील उभ्या पोकळीतून) पाइप नेणाऱ्याला विद्युत ड्रॉइंग दिसलेच पाहिजे, दिसू नयेत ते विद्युत कामाचे दर.