जप्तीच्या बातमीत नसलेले घर

महाराष्ट्रात मेफेड्रोन या रासायनिक नशेच्या द्रव्याचा, म्हणजे 'एमडी'चा, एखादा कारखाना पकडला गेला की पुढचे आठ दिवस तिकडच्या वाहिन्यांवर आणि आमच्या इथल्या, कॅनडातल्या, मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात एकच सूर लागतो : यांना भर चौकात फाशी द्या. २०२३ मध्ये नाशिकजवळ आणि २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभला छापे पडले तेव्हाही हेच झाले. किती किलो माल, किती कोटींचा आणि कोणाचा वरदहस्त, एवढ्यावर चर्चा आटोपते. तो माल ज्या घरांत पोहोचला, त्या घरांची चौकशी कोणी करत नाही.

माझ्या आत्याचे घर अशाच घरांपैकी एक होते, द्रव्य तेवढे वेगळे. तिचा मुलगा गर्दच्या, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनच्या, नादी लागला तेव्हा आधी घरातली रद्दी गेली, मग गॅसचा रिकामा सिलिंडर, मग तिच्या बांगड्या. कपाटाच्या किल्ल्या कमरेला खोवून ती झोपत असे आणि न्हाणीघरातला नळ जरा जास्त वेळ वाहत राहिला की दाराला कान लावून उभी राहत असे. नातेवाइकांना ती 'त्याला कावीळ झाली आहे' असे सांगे. ही कावीळ तीन वर्षे चालली, कारण दवाखान्यात नेले तर प्रकरण पोलिसांत जाईल, अशी तिची खात्री होती. वास्तविक १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातले कलम ६४ अ हे, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देते. हे तिला कोणी सांगितले नाही, आणि फाशीच्या मागणीच्या गदारोळात ते आजही ऐकू येत नाही.

मी राहतो त्या व्हँकुव्हरमध्ये भीती कमी आहे, मृत्यू मात्र अफाट. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने एप्रिल २०१६ मध्येच सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. तरीही फेंटानिल हे अफूच्या जातीचे अतितीव्र कृत्रिम द्रव्य मिसळलेल्या विषारी मालामुळे एकट्या २०२३ मध्ये अडीच हजारांहून अधिक माणसे गेली, आणि तीही बहुतांशी चार भिंतींच्या आत. त्याच वर्षी, जानेवारी २०२६ पर्यंतच्या प्रयोगापुरते, काही अमली द्रव्ये अडीच ग्रॅमपर्यंत बाळगणे गुन्हा नाही असे ठरले, आणि मे २०२४ मध्ये सार्वजनिक जागांपुरता तो पुन्हा गुन्हा झाला. इकडच्या उदारपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही सांगावे. माझ्या बॅगेत मात्र एक काळी, चेन लावलेली डबी कायम असते : अतिसेवनाने थांबू लागलेला श्वास परत आणणाऱ्या नालोक्सोन या औषधाच्या तीन कुप्या, सुया, हातमोजे आणि तोंडाने श्वास देताना मध्ये धरायचा पडदा. औषधाच्या दुकानात ती फुकट मिळाली, आणि देणाऱ्याने माझे नावही विचारले नाही. (अफूच्या जातीच्या द्रव्यांवरच हे औषध चालते, एमडीवर नाही.) ही नाव न विचारण्याची रीत आपण निःसंकोच उचलावी.

कुटुंबाच्या बाबतीत मात्र इथल्या व्यवस्थेकडून शिकण्यासारखे मला फारसे दिसले नाही. माझ्या एका सहकारी बाईंचा बावीस वर्षांचा मुलगा दोन आठवडे बेपत्ता होता. त्यांनी एका उपचार केंद्राला फोन केला, तेव्हा तो सज्ञान असल्याने, तो तिथे आहे की नाही हेही सांगता येणार नाही, असे नम्र उत्तर मिळाले. त्या मुलाचा खाजगीपणा मला मान्य आहे. पण आईशी तिच्या स्वतःच्या अवस्थेविषयी दोन शब्द बोलायला कोणता नियम आड येत होता, ते मला अजून कळलेले नाही.

या बाबतीत आपण मागे नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या 'मुक्तांगण'ने घरच्यांना उपचाराचाच भाग मानले, पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालवला. तशाच एका केंद्रात माझा आतेभाऊ अखेर दाखल झाला आणि तिथल्या पालकांच्या बैठकीत, सगळ्यांदेखत, आत्याने पहिल्यांदा 'कावीळ' हा शब्द न वापरता मुलाविषयी सांगितले.

हे मी त्या सहकारी बाईंना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, मुलगा दाखल नसला तरी अशा बैठकीला आईला एकटीला जाता येते का?