‘७२ सीझन्स’च्या लेखावरच्या त्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडच्या ‘७२ सीझन्स’ या नव्या अल्बमवर मी जे लिहिलं त्याखाली एका अनामिक वाचकाची प्रतिक्रिया आलीये. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: अल्बम ७७ मिनिटांचा आहे म्हणजे अर्धा तास तरी फुकटचा, गिटारवाल्या कर्क हॅमेटचे सोलो (गाण्यामधले एकट्या गिटारचे तुकडे) सगळे सारखेच, ‘इनामोराटा’ हे शेवटचं गाणं म्हणजे अकरा मिनिटांचा छळ, मिक्सिंग सपाट, बाहेरच्या समीक्षकांचंही एकमत नाही. आणि शेवटी हे वाक्य: “काका, तुम्ही कॅसेटच्या जमान्यात अडकलात, हा बँड नुसता शिंकला तरी तुम्ही आरती ओवाळणार, याला समीक्षा म्हणू नका.”

त्यावर आपल्या नेहमीच्याच मंडळींनी हसणारे स्मायली टाकलेत, तेही बघितलं.

काका म्हणा, चालेल. पुण्यात चाळिशी उलटली की सिग्नलला शेजारचा बाइकवालासुद्धा काकाच म्हणतो, त्याचं काही वाटत नाही. पण आरतीचं मात्र मी सोडणार नाही, कारण टीका करणं वेगळं आणि समोरच्याने कान गहाण टाकलेत असं परस्पर ठरवून मोकळं होणं वेगळं. अल्बम आवडला नाही म्हणा ना, दहा वेळा म्हणा, पण ज्याला आवडला तो बिनडोक भक्त, ही कुठली पद्धत?

आता कॅसेटचा विषय काढलाच आहात तर ऐका. मेटॅलिकाचा ब्लॅक अल्बम १९९१चा, मी तेव्हा शाळेत होतो, आणि ती कॅसेट मी कर्वे रोडला अलूरकरांकडून घेतली होती, पैसे साठवून. त्यानंतर १९९६ला त्यांचाच ‘लोड’ आला आणि मी इतका वैतागलो की ती कॅसेट एका मित्राला देऊन टाकली, त्यानेही नंतर परत करायचा प्रयत्न केला ही गोष्ट वेगळी. २००३चा ‘सेंट अँगर’, ज्यात एकही गिटार सोलो नाही आणि ड्रमर लार्सचा स्नेअर ड्रम रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, त्याच्याविषयी मी कट्ट्यावर जे जे बोललोय ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि त्यातल्याच टायटल ट्रॅकला ग्रॅमी मिळालं बरं का! तेव्हा आख्खं जग टाळ्या वाजवत होतं आणि मी नव्हतो. २००८चा ‘डेथ मॅग्नेटिक’ शेवटच्या मास्टरिंगमध्ये इतका कर्कश करून ठेवला होता की लोकांना गिटार हिरो या व्हिडिओ गेममधली तीच गाणी जास्त बरी वाटली, मलाही वाटली. गायक लू रीडबरोबर केलेला ‘लुलू’ मी अजून सलग ऐकू शकलेलो नाही, आणि ऐकणारही नाही. ही आरती असेल तर मग शिव्या कशाला म्हणतात ते तरी सांगा.

हो, ऑक्टोबर २०११ला बंगलोरला मेटॅलिकाच्या शोला मी गेलो होतो, पॅलेस ग्राउंड्सवर, पावसाने मैदानाचा नुसता चिखल झालेला. त्याच्या दोन दिवस आधी गुडगावचा शो गर्दीने बॅरिकेड तोडले म्हणून रद्द झाला होता, त्यामुळे हा तरी होतोय की नाही अशी धाकधूक होती, आणि ‘क्रीपिंग डेथ’ सुरू झालं तेव्हा मी रडलो, लपवत नाही. पण म्हणून माझे कान कायमचे बंद झाले असा निष्कर्ष कसा काढता येतो ते मला कळत नाही. तुम्ही तेव्हा काय करत होतात हे मी विचारत नाहीये, विचारावंसं वाटतंय पण नाही विचारत.

लांबीचं एक मान्य. ‘चेसिंग लाइट’ आणि ‘क्राउन ऑफ बार्ब्ड वायर’ ही दोन गाणी नसती तरी माझं काही अडलं नसतं. मीही लेखात मधला भाग रेंगाळतो असं लिहिलंय, फक्त तुमच्यासारखं ओरडून नाही लिहिलं.

सोलोंचं म्हणाल तर कर्कने स्वतःच मुलाखतींमध्ये सांगितलंय की यावेळी त्याने आधी काही बसवलं नाही, ऐनवेळी सुचेल ते वाजवून टेकवर टेक दिले आणि त्यातून निवड लार्स आणि प्रोड्युसर ग्रेग फिडेलमनने केली. म्हणजे तुम्हाला जे सारखं वाटतंय ते त्या माणसाच्या हाताचं वळण आहे. सवाईला एखाद्या बुवांची तीच तान परत आली की तुम्ही वा म्हणता ना? कर्कने वा-वा पेडल (गिटारचा सूर ‘वाव-वाव’ करणारं पायाचं यंत्र) दाबला की मात्र लगेच कंटाळा. असो.

समीक्षकांचं एकमत नाही हे खरंच आहे, कुणाला ब्लॅक अल्बमनंतरचं सगळ्यात बरं काम वाटलं, कुणाला नुसती लांबण वाटली, पण माझं मत त्यांच्या सरासरीवरून काढायचं असतं तर मी लिहायचंच कशाला? आणि बहुतेकांचा रोख फिरून फिरून ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या १९८६च्या अल्बमवरच येतो. अहो, तेव्हा बँडचा गायक हेटफील्ड २२ वर्षांचा होता, ‘७२ सीझन्स’ आला तेव्हा ५९चा, मधे दोनदा रिहॅबमध्ये जाऊन आलाय, आणि ७२ सीझन्स म्हणजे आयुष्याची पहिली १८ वर्षं, त्या वयात मनावर बसलेलं ओझं आता या वयात उलगडून बघतोय. ते त्याने २२व्या वर्षीच्या स्पीडने गावं हा हट्ट कशासाठी? ‘इनामोराटा’त मधे सगळं थांबून बेसिस्ट ट्रुहियोचा बेस एकटा पुढे येतो तो भाग तुम्ही ऐकलात का, खरं सांगा. कारण तुमच्या प्रतिक्रियेत त्या गाण्याच्या लांबीखेरीज काहीही नाही, आणि बाकी ज्या गाण्यांचा उल्लेख केलात ती चारही आधीच सिंगल म्हणून आलेली आहेत. अल्बम १४ एप्रिल २०२३ला आला, सुट्टी होती, शुक्रवार होता, वेळ होता की.

मिक्सिंगबद्दल काही बोलत नाही. तुम्ही फोनच्या स्पीकरवर ऐकलं असणार असा माझा संशय आहे आणि तो मी माझ्याजवळच ठेवतो.

याच अल्बममधल्या ‘यू मस्ट बर्न!’ या गाण्यावर स्वतंत्र लेख पुढच्या आठवड्यात टाकतोय. त्याखाली काय हवं ते लिहा, फक्त नाव टाकून लिहा, यापुढे अनामिक प्रतिक्रिया अप्रूव्ह करणार नाही.