काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर: घडीची कार्बाइन, .२२ आणि माझ्या लेखातली एक गंभीर चूक

नमस्कार काका,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. ज्यांनी थेट हे उत्तर उघडलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी घडी घालून पाठपिशवीत मावणाऱ्या ९ मिमी कार्बाइनबद्दल, म्हणजे पिस्तुलाचंच काडतूस वापरणाऱ्या पण खांद्याला लावून झाडायच्या आखूड बंदुकीबद्दल, लिहिलं होतं. सुट्टीच्या दिवशी डबे पाडायला, म्हणजे इथे अमेरिकेत ज्याला प्लिंकिंग म्हणतात त्याला, आणि वाळवंटात भटकताना अडीअडचणीला अशी एकच बंदूक पुरते, असं माझं म्हणणं होतं. त्यावर काका म्हणतात की एनसीसीत .२२ डिलक्स रायफलवर नेम धरायला शिकलेल्या माणसाला हे प्लास्टिकचं खेळणं वाटतं. जीव वाचवायचा असेल तर हलकी .२२च खरी, अमेरिकन हवाई दलाचे वैमानिकही तीच बाळगायचे. पिस्तुलाचं काडतूस लांब नळीत घातलं म्हणून ते रायफलचं होत नाही. आणि शेवटी, ‘आपली पोरं तिथे व्हिसावर आहेत, त्यांना हे कशाला शिकवता?’

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. एच-१बी, एल-१, एफ-१, आईवडील येतात तो बी-२, सगळे त्यात आले. अपवाद मोजके आहेत आणि आपल्यासारख्यांच्या उपयोगाचा जवळजवळ एकच: इथल्या एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. लोकांची गफलत होते ती ‘बाळगणं’ या शब्दावर. बंदूक विकत घेतली नाही, नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची घेतली, मित्राची दोन मिनिटं हातात धरली, तरी कायद्याच्या नजरेत ते बाळगणंच ठरू शकतं. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि देशाबाहेर काढलं जाण्याची टांगती तलवार वेगळी. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत मी स्वतः अ‍ॅरिझोनाच्या शिकारी परवान्यावर होतो. तो काढल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो. तो संपला की कपाटातली तीच बंदूक एका रात्रीत गुन्हा होते, म्हणून मी महिनाभर आधीच नूतनीकरण करायचो.

गेल्या हिवाळ्यात ओळखीच्या एका घरी भारतातून आलेल्या सासऱ्यांना हौसेने रेंजवर न्यायचा बेत ठरला होता. मी फोन करून थांबवलं. म्हणजे मला हे पक्कं माहीत होतं, आणि तरी लेखात त्यावर एक ओळ नव्हती. वाचणाऱ्यांत निम्मे व्हिसावरचे असताना ही चूक लहान नाही. काका, तुम्ही बोट ठेवलंत म्हणून आता तो परिच्छेद मूळ लेखाच्या अगदी वर, ठळक अक्षरात टाकला आहे.

आता वैमानिकांची .२२. इथे मात्र आकडा एक आणि काडतुसं दोन, असा घोळ आहे. हवाई दलाने १९५६ मध्ये आर्मालाइट कंपनीची एआर-५ रायफल एमए-१ या नावाने स्वीकारली, ती .२२ हॉर्नेटची होती. त्याआधीची एम६ ही दुनळी बंदूकही वरच्या नळीत .२२ हॉर्नेट आणि खालच्या नळीत .४१० छऱ्याची. हॉर्नेटची गोळी एनसीसीतल्या .२२ लाँग रायफलच्या साधारण दुप्पट वेगाने जाते. दोन्हींच्या नळीचा व्यास जवळपास सारखा, म्हणून नावं जुळतात, बाकी काही जुळत नाही. तुमच्या डोळ्यासमोर आहे ती एआर-७, म्हणजे त्याच एआर-५ वरून आर्मालाइटच्या यूजीन स्टोनर या रचनाकाराने नागरिकांसाठी काढलेली .२२ लाँग रायफल. नळी, यंत्रणा आणि मॅगझिन सगळं दस्त्याच्या पोटात जातं आणि दस्ता पाण्यावर तरंगतो. आज ती हेन्री कंपनी बनवते, वजन साडेतीन पौंड. अतिशय सुंदर कल्पना आहे, मला ती मनापासून आवडते. पण आजच्या वैमानिकाच्या इजेक्शन सीटखाली काय असतं बघा: जीएयू-५ए, दोन तुकड्यांत सुटणारी ५.५६ मिमी कार्बाइन. ससा मारून चार दिवस काढण्यापेक्षा सुटका होईपर्यंत स्वतःचा बचाव करणं महत्त्वाचं, असं हवाई दलानेच ठरवलं.

वजनाचा तुमचा हिशेब मात्र चोख. .२२ च्या ५०० काडतुसांचं वजन पावणेदोन किलोच्या आसपास भरतं, ९ मिमीच्या ५०० चं सहा किलो. लहान शिकार करून पोट भरायचं असेल तर .२२ ला तोड नाही, यात वाद घालणार नाही.

तुमचा खरा प्रश्न काडतुसाचा आहे, आणि माझा सगळा लेख ज्या गोष्टीवर उभा होता ती मला नीट सांगता आली नव्हती. तुम्ही ताकदीबद्दल बोलताय. ताकद खरोखर फार वाढत नाही. ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी चार इंची पिस्तुलातून सेकंदाला साधारण ११५० फुटांनी निघते, सोळा इंची नळीतून १३०० च्या थोडी पुढे. जड १४७ ग्रेनच्या गोळीला तर लांब नळीचा फायदा आणखी कमी. शंभर यार्डांवर गोळी बऱ्यापैकी खाली येते, पन्नास यार्डांवर नेम जुळवून ठेवलेला असेल तर पाच-सहा इंच. तेव्हा ही रायफल नव्हे, अगदी मान्य. कार्बाइन घ्यायची ती नेमासाठी.

पिस्तूल दोन हातांत हवेत तरंगतं. कार्बाइनला खांदा मिळतो, गाल मिळतो, दोन्ही हात एकमेकांपासून लांब मिळतात. तुम्ही एनसीसीत हेच शिकलात, फक्त आडवं पडून. माझ्या बायकोचं उदाहरण देतो. अ‍ॅरिझोनातल्या टोंटो नॅशनल फॉरेस्टमध्ये आम्ही सहा इंची पोलादी थाळी पंचवीस यार्डांवर टांगली होती. पिस्तुलातून तिने दहा गोळ्या झाडल्या, दोन लागल्या, बाकीच्यांनी मागच्या मातीच्या उंचवट्यावर धूळ उडवली. तेच काडतूस, तेच मॅगझिन कार्बाइनमध्ये घातलं. पहिली गोळी खाली गेली. रेड डॉट, म्हणजे लाल ठिपका दाखवणारं नेमाचं साइट, नळीच्या वर अडीच इंच असतो, जवळच्या अंतरावर तो फरक भरून घ्यावा लागतो, हे मी तिला सांगायला विसरलो होतो. पुढच्या नऊपैकी आठ लागल्या. प्रत्येक वेळी ‘टण्ण’ असा आवाज, थाळी डोलतेय, आणि कानावरच्या मफ्सच्या आतून तिचं हसू मला दिसत होतं. वर्षातून सहा वेळा रेंजवर जाणाऱ्या माणसाच्या हाती हा फरक पडतो. स्वप्नील कुसळेला पॅरिसमध्ये कांस्य मिळालं ते .२२ वर, ५० मीटरवर, जिथे दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. कोल्हापूरच्या त्या पोराच्या हातात काहीही दिलं तरी नेम लागेल. मी लिहितोय ते आपल्यासारख्या साध्या हातांसाठी.

आणि .२२ बद्दल एक गोष्ट तुमच्या काळात तुम्हीही अनुभवली असेल: चाप ओढला आणि नुसतंच ‘टिक’. रिमफायर काडतुसात स्फोटक मसाला कडेच्या घडीत फिरवलेला असतो, कुठे तो नीट पोचला नाही की ठिणगी पडत नाही. डबे पाडताना याचं काही वाटत नाही, अडचणीच्या वेळी वाटतं. ९ मिमीसारख्या सेंटरफायर, म्हणजे मसाला बुडाच्या मधोमध असलेल्या, काडतुसात हे फार क्वचित घडतं.

‘सर्व्हायव्हल’ या शब्दावर तुम्ही चिडलात, ते समजू शकतो. इथे त्या नावाखाली बरंच दिवास्वप्न विकलं जातं. अ‍ॅरिझोनात जुलैमध्ये गाडी बंद पडली आणि मोबाइलला रेंज नसली तर माणूस बंदुकीवाचून मरत नाही, पाण्यावाचून मरतो. माझ्या गाडीत माणशी रोजचं एक गॅलन पाणी, सावलीसाठी ताडपत्री, आरसा, शिट्टी, उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं बीकन आणि मलमपट्टी हे सगळं आधी चढतं. बंदुकीचा नंबर शेवटचा. पण शेवटचा आहे म्हणूनच तिने जागा कमी खावी, आणि घडीचं सगळं महत्त्व तिथे आहे. घडी घातलेली सोळा-सव्वासोळा इंचांची कार्बाइन पाण्याच्या कॅनशेजारी उभी राहते. तीस-पस्तीस इंचांची रायफल घरी राहते.

कोणती घ्यावी? केल-टेकची सब-२००० सर्वांत हलकी, सव्वाचार पौंडांच्या आसपास, आणि ग्लॉक पिस्तुलाची मॅगझिन घेणारी मिळते. ट्रिगर गार्ड खाली ओढला की नळी वर उचलली जाऊन मागे दस्त्यावर आडवी पडते आणि पुढचं साइट दस्त्याच्या टोकाला अडकतं. अशा घडीत ती झाडताच येत नाही, आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामी आहे हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. ही सुरक्षा मला फार मोलाची वाटते. पण गालाखाली स्प्रिंगची नळी येते आणि शंभर गोळ्यांनंतर गाल बोलायला लागतो. साध्या ब्लोबॅक यंत्रणेत काडतुसाच्या दाबाने जड बोल्ट मागे आदळतो, त्याचा हा धक्का. शिवाय नळी वरून दुमडते, म्हणून पहिल्या दोन पिढ्यांत रेड डॉट लावला की घडी होत नाही. तिसऱ्या पिढीत पुढचा भाग फिरवून ही अडचण सोडवली आहे. स्मिथ अँड वेसनची एफपीसी २०२३ ची, ती बाजूला दुमडते, रेड डॉट जागच्या जागी राहतो, दस्त्यातच दोन जादा मॅगझिन मावतात. पाच पौंड. मी तीच वापरतो. रुगरची पीसी कार्बाइन नेमाला या दोघींपेक्षा सरस, पण पावणेसात पौंडांपुढे आणि घडीची नाही, दोन तुकड्यांत सुटणारी. ज्याच्याकडे आधीच पिस्तूल आहे त्याने त्याच मॅगझिनवर चालणारी कार्बाइन घ्यावी, बाकी तुलना दुय्यम.

काका, तुम्ही मुलाकडे न्यू जर्सीत आहात आणि त्याला ग्रीन कार्ड मिळाल्याचं लिहिलंत. अ‍ॅरिझोनात चालतं ते तिथे चालत नाही. आधी पोलिसांकडून फायरआर्म्स आयडी कार्ड काढावं लागतं, मॅगझिन दहा गोळ्यांच्या वरचं नको, आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफलच्या फोल्डिंग दस्त्यावर तिथल्या कायद्याची करडी नजर आहे. त्याने माझ्या लेखावर विसंबून काही मागवू नये, परवानाधारक स्थानिक दुकानदाराशी समोरासमोर बोलावं. तिथे राहून मला एकच निवडायची असती तर मी .२२ चीच घेतली असती, दहा गोळ्यांच्या मॅगझिनची, दोन तुकड्यांत सुटणारी रुगर १०/२२ टेकडाउन. म्हणजे तुमच्या घरासाठी तुमचंच म्हणणं बरोबर ठरतं.

तुम्ही मात्र बी-२ वर आहात. मुलाने कितीही आग्रह केला तरी रेंजवर लांबूनच बघा, कानाला मफ्स लावून.