माया सोडलीस का?

मला स्पीकरच्या प्लायवूडच्या खोक्यांची एकच जोडी हवी होती. पण भोसरीतला वर्कशॉपवाला फोनवर म्हणाला, "साहेब, एका जोडीसाठी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवरचं कटिंग मशीन, लावणं परवडत नाही. सेटिंगला वेळ तेवढाच जातो, दोन खोकी कापा नाहीतर वीस." म्हणून ऑफिसातले आणखी सात जण गोळा केले. आठ जोड्या, सोळा खोकी. हिशेब अर्थातच माझ्या गळ्यात.

तीन ठिकाणी भाव विचारला. एकाचा भाव रनिंग फुटावर, म्हणजे कापाच्या लांबीवर, दुसऱ्याचा तासावर, तिसऱ्याचा शीटवर. म्हणजे दूध लिटरने घ्यावं, धारेच्या वेळेवर घ्यावं की म्हशीवर, असा प्रश्न. मी एक्सेल उघडलं. एका खोक्याच्या सहा फळ्यांचा घेर 6.88 मीटर, सोळांचा 110, म्हणजे 361 फूट. भावाने गुणलं. आकडा इतका गोड आला की लगेच ग्रुपवर टाकला. दोघांनी टाळ्यांचे इमोजी पाठवले.

दुसऱ्या दिवशी फूटवाल्याने विचारलं, "पास किती धरलेत?" 18 एमएमचा प्लाय त्याचा कटर एका दमात कापत नाही म्हणे. सहा-सहा एमएम खाली उतरत त्याच रेघेवरून तीनदा फिरतो, आणि तिन्ही फेऱ्यांचं मीटर पडतं. 361 चे 1083 फूट झाले. वूफरची, म्हणजे खोक्यात बसणाऱ्या मोठ्या स्पीकरची, भोकं तर मी धरलीच नव्हती. जीएसटी वेगळा. ग्रुपवर आता कोणी टाळ्या वाजवेना.

फेऱ्या तिप्पट म्हणजे तासवाल्याचे तासही तिप्पट. उरला शीटवाला. आठ बाय चार फुटांची शीट म्हणजे 2440 बाय 1220 एमएम. त्यात जितक्या कमी शीट, तितका मी शहाणा. दोन रात्री जागून फळ्या कागदावर रचल्या आणि चमत्कार झाला. चार ओळींची उंची 360, 360, 280 आणि 220. बेरीज 1220. तंतोतंत! सोळा खोकी तीन शीटमध्ये. पहाटे दोन वाजता आनंद सांगायला घरात आईच जागी होती.

आईने जन्मभर ब्लाउज शिवले. तिने चष्मा लावला, कागद दिव्याखाली धरला आणि बोट ओळींवरून फिरवत म्हणाली, "बेतलंयस छान. पण माया सोडलीस का?"

"लाकडाला कसली माया? शिवणीसाठी जादा कापड थोडंच सोडायचंय!"

"अरे, पण कात्री जाईल तिथे काहीतरी जाईलच ना?"

मी गप्प. कात्री म्हणजे 6 एमएमचा कटर, आणि तो जातो तिथला 6 एमएम प्लाय भुसा होऊन जातो. चार ओळींमध्ये तीन फटी, 18 एमएम. 1220 मध्ये 1238 बसवायचे होते. चौथी ओळ शीटबाहेर गेली आणि डझनभर फळ्यांसाठी चौथी शीट आली.

"आणि पन्ना स्वतः मोजलास का? दुकानदार सांगतो एक, भरतो दुसरा."

सकाळी टिंबर मार्केटमध्ये जाऊन 18 च्या प्लायची जाडी कॅलिपरने मोजली. 17.4. फळ्या एकमेकींत अडकवायच्या खाचा मी 18 च्या काढल्या होत्या. फळ्या त्यात सैल कवळीसारख्या हलल्या असत्या. ड्रॉइंग पुन्हा केलं.

नवा आकडा ग्रुपवर टाकल्यावर एकाने विचारलं, "चौथी शीट जवळजवळ कोरी राहते, तिचे पैसे आम्ही का द्यायचे?" मुद्दा रास्त होता. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आईकडे होतं. मी ऑफिसातून येईपर्यंत तिने उरलेल्या जागेवर पेन्सिलीने चार पाट बेतून ठेवले होते. मधोमध मायाही सोडली होती.

ती शीट माझ्या नावावर लिहून फाइल पाठवली. तासाभराने शीटवाल्याचा फोन आला.

"साहेब, चौथ्या शीटवरच्या चार मोठ्या खोक्यांना वूफरचं भोक काढायचं राहिलंय. किती इंची धरू?"